रूटकाकांचं अकाउंट

प्रयोगशाळेत तिला सगळे पुतणी म्हणत. तिला नाव होतं, हजेरीतही तेच लागायचं. पण ती इथे आली रूटकाकांची पुतणी म्हणून, पुढे त्यातलं 'रूटकाकांची' गळून पडलं आणि नुसती पुतणी उरली. दारावरचा रखवालदारसुद्धा "पुतणीबाई, गाडी जरा पुढे घ्या" म्हणायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिलाही नाही.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेतले सगळे संगणक लिनक्सवर आणले ते त्यांनीच. ही सिस्टिम फुकट आहे, उघडी आहे, आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं, असं त्यांनी तेव्हाच्या साहेबांच्या मागे इतकं टुमणं लावलं की साहेब शेवटी कंटाळून हो म्हणाले. लिनक्समध्ये ज्याला सगळं करण्याची मुभा असते त्या एका युजरला रूट म्हणतात, त्यावरून काकांना ते नाव चिकटलं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठपर्यंत जाऊ द्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, हे ठरवणार ते. बाटल्या धुणाऱ्या मावशी असोत की संचालक मोठ्या बाई, पासवर्ड विसरला की सगळ्यांचे पाय त्यांच्याच खोलीकडे वळत. काका आधी एक खवचट वाक्य बोलत आणि मगच नवा पासवर्ड देत.

मग ते निवृत्त झाले. खुर्ची पुतणीला मिळाली, ऑफिसचा लॅपटॉप परत गेला, निरोपाचं भाषण झालं. राहिलं ते अकाउंट. रोज सकाळी ऑफिसच्या वेळेला चहाचा कप घेऊन काका घरच्या जुन्या संगणकावरून लॉगिन करायचे, सगळीकडे एक चक्कर मारायचे आणि पुतणीला मेसेज पाठवायचे. डिस्क भरत आली आहे, जुने लॉग हलव. काल रात्रीचा बॅकअप अर्धाच झालाय, बघ. ती चिडायची, मनात म्हणायची, काका, आता जरा पुस्तक वाचा, फिरायला जा. पण ज्या दिवशी मेसेज उशिरा येई त्या दिवशी तिलाच चुकल्यासारखं व्हायचं.

निवृत्त माणसाचं अकाउंट चालू ठेवायचं नसतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. हा नियम तिला शिकवला कुणी, तर काकांनीच. पण काकांना सांगायचं कसं, या एका प्रश्नापायी तिने ते घोंगडं भिजत ठेवलं होतं. आणि भिजत ठेवलेलं घोंगडं आपणहून वाळत नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. "उद्या तपासनीस येतायत. मान्यतेचं वर्ष आहे, माहितीये ना? गेलेल्या माणसांची अकाउंट बंद आहेत का, हे ते सगळ्यात आधी बघतात."

"बंद आहेत, बाई."

"सगळी?"

पुतणी टेबलावरचे कागद सरळ करायला लागली. मोठ्या बाईंना काय ते समजलं. "हे बघा, मलाही वाईट वाटतं. माझे पासवर्ड त्यांनी इतक्या वेळा बदलून दिलेत की मोजदाद नाही. पण मान्यता गेली तर उद्यापासून आपल्या रिपोर्टला कुणी विचारणार नाही. त्यांना आज फोन करा, समजावून सांगा आणि उद्या ते येण्याआधी बंद करून टाका."

फोन करायचा होता. रात्री जेवण झाल्यावर करू म्हणाली, जेवण झाल्यावर काका आता झोपले असतील म्हणाली. सकाळी ऑफिसला निघताना हातात फोन घेतला, तर गाडीची किल्ली सापडेना. माणसाला एखादी गोष्ट करायची नसली की सगळं जग त्याच्या मदतीला धावून येतं.

ऑफिसात पोचल्यावर तिने आधी ते काम उरकलं. एका ओळीची कमांड होती. लॉक केल्यावर पासवर्ड पुसला जात नाही. जिथे तो गुप्त रूपात साठवलेला असतो तिथे त्याच्या आधी फक्त एक उद्गारचिन्ह बसतं, आणि मग खरा पासवर्ड टाकला तरी तो जुळत नाही. तिने एंटर दाबलं. मशीनने होय-नाही काही म्हटलं नाही. लिनक्सची ही एक खोड आहे, काम झालं की ते गप्प बसतं. संध्याकाळी घरी जाऊनच सांगू, फोनवर बरं दिसत नाही, असं तिने स्वतःला पटवलं आणि तपासनिसांच्या स्वागताला उठली.

तपासनीस सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना जिवाणू वाढवायची उबेची कपाटं दाखवून झाली, शीतकपाटातल्या बाटल्या दाखवून झाल्या, आणि मग ते सर्व्हरच्या खोलीत येऊन तिच्या शेजारी बसले. पूर्वी ती रसायनांची कोठी होती. अजूनही तिथे दमट दिवसांत घशाला खवखवेल असा वास यायचा. पुतणीने लॉग उघडला. कोण कधी आत आलं आणि कोण दारातून परत गेलं याची नोंद मशीन आपली आपण ठेवत असतं, तीच ती ओळीमागून ओळ वर सरकवत होती. आणि तिथे काकांचं नाव दिसलं. पासवर्ड चुकला. खाली पुन्हा. पुन्हा.

तिने ओळी सरकवणं थांबवलं.

पहिल्या ओळी भराभर आल्या होत्या, माणूस बोट घसरलं असं समजून लगेच पुन्हा टाइप करतो तशा. मग थोडं थांबून एक. काकांनी कॅप्स लॉक बघितलं असणार. मग बराच वेळ काही नाही, आणि मग ओळीने तीन. हे काय चाललंय ते तिला खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं. काकांनी चष्मा पुसला असेल, कीबोर्ड उलटा करून आपटला असेल. एकेक अक्षर बोटाने दाबत, ओठ हलवत पासवर्ड टाकला असेल. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या समोर एकच वाक्य आलं असेल, परवानगी नाही, पुन्हा प्रयत्न करा. पासवर्ड चुकला असो की अकाउंट बंद असो, बाहेरच्याला मशीन उत्तर एकच देतं. खरं कारण सांगितलं तर चोराच्याच पथ्यावर पडायचं. घरच्या माणसाचं काय, असा विचार ही सिस्टिम बनवणाऱ्यांनी केला नव्हता. त्यांचा तरी काय दोष म्हणा.

"हे कोण?" तपासनिसांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आधीचे आहेत. निवृत्त झाले."

"आणि आत यायचा प्रयत्न करतायत."

"सवय आहे त्यांना."

"पण आत येता येत नाहीये. छान." तपासनीस समाधानाने मागे टेकले. "म्हणजे तुमचं काम चोख आहे."

अशी शाबासकी तिला याआधी कुणी दिली नव्हती, आणि ती मिळाली तेव्हा डोळ्यांत पाणी येईल की काय अशी तिला भीती वाटली. ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. व्हरांड्यात उभं राहून तिने काकांचा नंबर काढला आणि बोट वरच्या वर धरून उभी राहिली. काय सांगणार? सकाळी सांगितलं असतं तर ती बातमी होती. आता सांगायचं म्हणजे कबुली. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, म्हणाल्या, तपासनीस बॅकअपबद्दल विचारतायत, चला. ती सुटकेचा श्वास टाकून आत गेली, आणि त्या श्वासाची तिला लाज वाटली.

आपण पासवर्ड विसरलो असं काकांना वाटेल, एवढाच प्रश्न असता तर तिचा जीव इतका टांगणीला लागला नसता. गोष्ट तिच्या वडिलांची होती. काकांचे ते दादा. दादा पहिल्यांदा विसरले ते स्वतःच्या घराच्या दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन. यातली आपली कुठली, हे त्यांना आठवेना. सगळे हसले. ते स्वतःही हसले. मग एकेक करत सगळंच गेलं, आणि शेवटी शेवटी ते पोटच्या मुलीला अहो-जाहो करायला लागले. "बसा ना, उभ्या का?" असं अदबीने म्हणायचे. काका रोज येऊन भावाशेजारी बसायचे. वडील गेल्यावर काका एकदाच तिला म्हणाले होते, "हे रक्तात असतं म्हणतात." ती म्हणाली, असलं काही नसतं. काकांनी मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे.

तेव्हापासून चष्मा सापडला नाही तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं.

दुपारी काकूचा फोन आला. पुतणी नमुन्यांच्या खोलीत होती, तिथून तशीच मागच्या जिन्यात गेली.

"अगं, ह्यांना काय झालंय?" काकू दबक्या आवाजात बोलत होती. "सकाळपासून त्या मशीनसमोर बसलेत. जेवले नाहीत. मघाशी मला विचारतात, आपलं लग्न कुठल्या वारी झालं. मी म्हटलं, मला कुठे आठवतंय. तर म्हणाले, तुला नाही आठवलं तर चालतं."

"आणखी काय म्हणाले?"

"डॉक्टरांचा नंबर काढून ठेवलाय. दादांच्या त्या डॉक्टरांचा." काकू थांबली. "तू येतेस का जरा?"

"येते. निघालेच."

"निघालेच" म्हणून ती निघाली नाही. तपासनिसांचा चहा होता, मग मोठ्या बाईंचं आभाराचं बोलणं, मग सह्या. ती एका खुर्चीवर टेकायची, उठायची, दुसऱ्या खुर्चीवर टेकायची. पेन हातातून दोनदा पडलं. तपासनीस गाडीत बसले आणि गाडी फाटकाबाहेर वळली, तेव्हा कुठे ती लॅपटॉप काखेत मारून धावली. प्रत्येक सिग्नलला तिने मनात एक नवं वाक्य जुळवलं आणि पुढच्या सिग्नलला ते मोडलं.

दार काकूने उघडलं. काही न बोलता आतल्या खोलीकडे हात केला.

काका खिडकीशेजारच्या टेबलाशी बसले होते. संगणकाचा पडदा काळा होता, त्यावर 'परवानगी नाही'ची ती पांढरी ओळ. शेजारी झाकलेलं ताट तसंच. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसले. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. किल्ल्यांचा जुडगा हातात धरून दादा असंच हसले होते.

"ये, छोटे. काकूने बोलावलं वाटतं."

"काका, मला एक सांगायचंय."

"मलाही. आधी माझं ऐक. माझं अकाउंट बंद करून टाक." ते शांतपणे बोलत होते, फार आधीपासून पाठ केल्यासारखं. "मला पासवर्ड आठवत नाही. इतकी वर्षं हाच आहे, बोटांना पाठ आहे, आणि येत नाही. अशा माणसाच्या हातात सर्व्हर ठेवू नये. उद्या भलतंच काही पुसून बसलो तर?"

"तुम्ही विसरला नाहीत. मी लॉक केलंय. आज सकाळी."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग ते पुन्हा हसले, या वेळी जरा मायेने. "मन राखायला बोलू नकोस. दादाशीही आपण असंच बोलायचो. किल्लीच खराब आहे म्हणायचो."

"खरं सांगते. तपासनीस आले होते. मोठ्या बाई म्हणाल्या—"

"तो विचार माझ्याही डोक्यात आला होता. सगळ्यात आधी तोच आला. लॉक केलं असेल तरी हेच उत्तर येणार." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पण ते करणार कोण? तूच. आणि मला न सांगता तू ते करणार नाहीस. म्हणून तो विचार सोडून दिला."

ती उभीच होती. काही लपवायला आता जागा नव्हती. तिने लॅपटॉप पलंगावर ठेवला, उघडला आणि खाली जमिनीवर बसली. बंद म्हणून तपासनिसांना दाखवलेलं अकाउंट त्याच दिवशी उघडायचं म्हणजे नोकरीवर धोंडा पाडून घेणं, आणि त्याची नोंद लॉगमध्ये तिच्याच नावाने होणार होती. होऊ दे. तिने लॉक काढलं.

"टाका पासवर्ड."

"कशाला?"

"टाका, काका. तुम्हाला माझी शपथ."

काकांनी हात कीबोर्डवर ठेवले. बोटं झरझर चालली. एंटर.

परवानगी नाही, पुन्हा प्रयत्न करा.

दारात उभ्या असलेल्या काकूने पदर तोंडाला लावला. काकांनी कीबोर्ड हलकेच पुढे सरकवला, जेवण झाल्यावर माणूस ताट सारतो तसा, आणि पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे, बाळा. तू प्रयत्न केलास."

खरंच विसरले असतील का, असं पुतणीला वाटलं. तिने लॉक काढलं होतं, उद्गारचिन्ह गेलेलं दिसत होतं, आणि तरीही काका दारातच. म्हणजे ती दिवसभर स्वतःला चोर समजत बसली, आणि चोरी आधीच झालेली होती. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा. मग लॉग उघडला, आणि शेवटची ओळ वाचून कपाळावर हात मारून घेतला.

"मोजणी," ती म्हणाली. "काका, चुकांची मोजणी. लागोपाठ पाच वेळा चुकलं की अकाउंट आपोआप अडकतं. ते कुलूप वेगळं. सकाळपासून तुमच्याच चुका मोजल्या गेल्यात. मी माझं कुलूप काढलं, ते दुसरं तसंच राहिलं."

"ते काही वेळाने आपोआप सुटतं."

"आपल्याकडे सुटत नाही. इथे कुणीतरी हाताने काढल्याशिवाय सुटायचं नाही, असं तुम्हीच ठेवलंय. कायम अडकवा, येऊ देत माझ्या खोलीत, म्हणाला होतात."

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणालो होतो खरा," ते पुटपुटले. "हे मात्र विसरलो."

"मी पण विसरले."

"मग दोघांनाही दाखवा डॉक्टरांना," काकू दारातून म्हणाली.

पुतणीने मोजणी शून्यावर आणली. काकांनी कीबोर्ड पुढे ओढला. या वेळी ते पडद्याकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणी तरी चादर झटकत होतं, तिकडे नजर लावून त्यांनी टाइप केलं. एंटर दाबल्यावरही थोडा वेळ ते तिकडेच बघत राहिले.

"काका, बघा."

ते आत होते. पडद्यावर त्यांचं नाव होतं, शेवटचं लॉगिन काल सकाळी असं लिहिलेलं होतं, आणि खाली कमांडची वाट बघणारा चौकोन लुकलुकत होता. काकांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. काकू जवळ जाऊन नुसती उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिने त्यांना भाऊ गेले ती वेळ सोडली तर असं कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी तोंड वर केलं. "तुला लॉगमध्ये दिसत होतो मी."

"हो."

"सकाळपासून?"

"हो, काका."

"प्रत्येक वेळी?"

तिने होकारार्थी मान हलवली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचे पाय धरता येतात. पण काका फक्त तिच्याकडे बघत राहिले, जणू तिच्या चेहऱ्यात कुणाला तरी शोधत होते.

"बंद करायला हवं होतं, ते बरोबरच केलंस," शेवटी ते म्हणाले. "मी असतो तर मीही केलं असतं. पण मी येऊन सांगितलं असतं, छोटे. तुझ्या बापाला आपण सगळे मिळून सांगत नव्हतो, त्याने त्याचं भलं झालं का?"

"मला भीती वाटली."

"कशाची?"

ती लॅपटॉपच्या कळांकडे बघू लागली. काका पडद्याकडे वळले. त्यांनी नेहमीची चक्कर मारली नाही, डिस्क बघितली नाही, बॅकअप बघितला नाही. बाहेर पडण्याची कमांड दिली आणि हात मांडीवर घेतले. "आता कर बंद. माझ्यासमोर कर."

पुतणीने लॉक केलं. मशीन गप्प राहिलं. काकूने ताटावरचं झाकण काढलं, अन्न गार झालंय म्हणाली आणि गरम करायला आत घेऊन गेली. काका घरचा जुना संगणक बंद करत होते. त्याच्या पंख्याचा आवाज हळूहळू बसला, आणि खोलीत रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या.

"उद्या सकाळी मी काय करू गं?" काकांनी विचारलं. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

याच प्रश्नाला भिऊन तिने फोन केला नव्हता. पुस्तकं आहेत, फिरायला जा, माझ्याकडे या, नवीन मुलांना शिकवा. रस्त्यात जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या जिभेवर होती. तिने त्यातलं एकही उच्चारलं नाही.

"माहीत नाही, काका."

काकांनी मान डोलावली. "हे खरं बोललीस," ते म्हणाले, आणि जेवायला उठले.